डिझेल कारमध्ये डीपीएफचा पिवळा दिवा लागला तर

सायलेन्सरच्या डब्यात ठिपके भरल्यासारखं एक पिवळं चित्र डॅशबोर्डवर उजळतं. काही गाड्यांत सोबत ‘फिल्टर भरला, मॅन्युअल पाहा’ अशा अर्थाची ओळ येते. पहिल्यांदा लागतो तेव्हा हा दिवा सहसा बिघाडाचा नसतो. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर), भरत आलाय, ती जाळायला गाडीला मोकळा रस्ता हवाय, एवढाच त्याचा अर्थ.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले आणि डिझेल कारमध्ये हा फिल्टर सर्रास आला. त्यातली काजळी सुमारे ६०० अंशांना जळते. हायवेवर हे काम परस्पर उरकतं. पण रोज चार किलोमीटर आणि वाटेत सहा सिग्नल असतील, तर एक्झॉस्ट तेवढा तापतच नाही. जास्तीचं डिझेल सोडून गाडी तो तापवू लागते, तोवर आपण पार्किंगमध्ये शिरून चावी फिरवलेली असते.

आधी बाकीचे दिवे बघा. ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा असेल तर डीपीएफ विसरा. गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. पिवळं चेक इंजिनही सोबत लागलंय, डीपीएफचा दिवा लुकलुकतोय किंवा गाडी ओढतच नाहीये, तर लांब पळवू नका, वर्कशॉप गाठा.

एकटाच स्थिर पिवळा दिवा असेल तर टाकीत निदान पाव टाकीच्या वर डिझेल ठेवा. इंधन कमी असलं की बऱ्याच गाड्या काजळी जाळायची ही सफाई सुरूच करत नाहीत. इंजिन पूर्ण तापू द्या. मग ६० ते ८०च्या वेगाने, एक गिअर खाली ठेवून, २००० ते २५०० आरपीएमवर १५-२० मिनिटं सलग चालवा. पुणेकरांनी किवळ्याहून एक्सप्रेसवेला लागून लोणावळ्यापर्यंत जाऊन यावं, सहज होतं. मॅन्युअलमध्ये वेगळे आकडे असतील तर तेच पाळा. जागेवर उभं राहून रेस देत बसण्याने डिझेल जळतं, काजळी नाही.

या काळात अ‍ॅव्हरेज पडतं, आयडलिंग थोडं वाढतं, गरम वास येतो. घाबरू नका आणि दिवा जाईपर्यंत गाडी बंद करू नका. वाळक्या गवतावर तर मुळीच उभी करू नका, खालचा पाइप प्रचंड तापलेला असतो.

तरीही दिवा गेला नाही, तर वर्कशॉपमध्ये स्कॅनरवर काजळीचं प्रमाण आणि शेवटच्या सफाईनंतरचे किलोमीटर विचारा. नुसता बिघाडाचा कोड पुसून घेऊ नका. तिथे सक्तीची सफाई करता येते, पण मूळ कारण सापडलं नाही तर दिवा परत येतो. प्रेशर सेन्सर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), गळका इंजेक्टर तपासायला सांगा. इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅटही, कारण तो उघडाच अडकला की इंजिन गारच राहतं आणि सफाई सुरूच होत नाही.

परत आल्यावर डिपस्टिक बघा. अर्धवट राहिलेल्या सफाईतलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून पातळी वाढलेली दिसते. ती वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर सर्व्हिसची तारीख लांब असली तरी ऑइल बदला, आणि कमी राखेचं, डीपीएफसाठीचंच घाला. काजळी जळून जाते. ऑइलची राख मात्र फिल्टरमध्ये कायमची बसते.