डेस्कटॉप घरी जोडताय की तयार घेताय? या चुका टाळा

"मामा, पंखे फिरतायत, लाइट लागल्यात, पण स्क्रीन काळीच." रविवारी संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरून भाच्याचा फोन आला. सकाळपासून खपून त्याने आपला पहिला पीसी जोडला होता. जाऊन पाहिलं तर जोडणीत काही खोट नव्हती. रॅम खाचेत नीट बसलेली, केबल्स घट्ट, प्रोसेसरवर पेस्टही व्यवस्थित. चूक आदल्या आठवड्यात दुकानाच्या काउंटरवरच झाली होती. प्रोसेसर घेतला होता आय५-१२४००एफ आणि ग्राफिक्स कार्ड 'दिवाळीत बघू' म्हणून राहू दिलं होतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असला की त्या चिपमध्ये ग्राफिक्स नसतं. मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डावर, एचडीएमआयचं पोर्ट दिसतं, पण त्यातून चित्र यायला मागे काहीच नसतं. एएमडीतही तीच गत: रायझन ५ ५६०० ला वेगळं कार्ड लागतंच, ५६००जी ला लागत नाही. एका अक्षरापायी पोराचा अख्खा रविवार गेला.

नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, मित्रांच्या कारखान्यांतली मशीन जोडून देताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसलंय. स्क्रू आवळायला कुणीही शिकतं. घोळ होतो तो यादी करताना.

'आय सेव्हन आहे' एवढ्यावर पैसे देऊ नका

अंबडला जॉबवर्क करणाऱ्या एका मित्राने ऑफिससाठी तयार असेंबल्ड मशीन आणलं. आय७, १६ जीबी रॅम, एसएसडी, नवं कोरं कॅबिनेट आणि भाव ऐकून कुणालाही मोह पडावा असा. उघडून पाहिलं तर आत आय७-३७७० निघाला, म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर, आणि त्याच्याखाली कुठल्याही कंपनीचं नाव नसलेला एच६१ बोर्ड. २०२२ सालचा साधा आय३-१२१०० तेवढ्याच ४ कोअर (काम करणारे भाग) आणि ८ थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी) त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची रिटर्न्स भरायची, ते असं असून कसं चालेल?

आय३ ते आय९ अशा नावांच्या प्रोसेसरांत पिढी आकड्यातच लिहिलेली असते. ३७७० म्हणजे तिसरी, १२४०० म्हणजे बारावी. तो पूर्ण आकडा बिलावर लिहून मागा.

त्याहून आधी मशीनचं काम काय ते कागदावर लिहा. टॅली, बिलं, ई-मेल एवढंच असेल तर आय३, १६ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. अशा कामाला मी सरळ तयार ब्रँडेड मशीन घ्यायला सांगतो. कॅडमध्ये थ्रीडी मॉडेल उभं करायचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे तिथे कोअर मोजण्यापेक्षा एका कोअरचा वेग बघावा. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम असतील तर मात्र पैशाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा लागतो, आणि तिथेच स्वतः जोडण्याचा खरा फायदा होतो.

एकमेकांना न चालणारे भाग

यावर फार लिहीत नाही, पण दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी ताडून घ्या. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या एलजीए१७०० सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्डांत काहींना डीडीआर४ प्रकारची रॅम लागते, काहींना डीडीआर५. दोन्ही काड्यांना २८८ पिनाच असतात, फक्त मधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून जोर लावून बसवायला जाऊ नका. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते. आणि जुना बी४५० बोर्ड स्वस्तात मिळाला म्हणून त्यावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर टाकणार असाल, तर बोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, आधी अपडेट करून द्यायला सांगा, नाहीतर मशीन उठणारच नाही.

एसएमपीएसचं लेबल वाचा

यादीत सगळ्यात शेवटी येतो आणि पैसे कमी पडले की पहिला कापला जातो तो एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा. बरेच जण कॅबिनेटसोबत आलेलाच वापरतात. बॉक्सवर ठळक '४५० वॅट' छापलेलं असतं. डबा आडवा करून लेबल बघा, त्यावर एक छोटा तक्ता असतो. त्यात '+१२ व्ही' खाली अँपिअर दिलेले असतात. मी पाहिलेल्या अशाच एका डब्यावर तिथे १६ अँपिअर होते. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड एकटं १७० वॅटचं आहे, आय५-१२४०० भर कामात ११७ वॅटपर्यंत जातो. बेरीज २८७. मग गेम सुरू झाला की दहाव्या मिनिटाला मशीन खटकन बंद होतं, आणि माणूस विंडोज पुन्हा टाकत बसतो, रॅम बदलत बसतो. या जोडीला मी चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस लावतो, त्याच्या खाली जात नाही.

'८० प्लस' या शिक्क्याचा अर्थही नीट समजून घ्या. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जात नाही, एवढंच तो सांगतो. आतला माल टिकाऊ आहे याची ती हमी नाही. त्यासाठी वॉरंटी बघा: ५ वर्षं देणारा आणि १ वर्ष देणारा यांच्यात कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते दिसतं.

घराचं अर्थिंग

जुन्या नाशकात काकांचा वाडा आहे. काकू म्हणाल्या, "अरे, त्या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की मुंग्या येतात बघ." काकांनी तोवर दोन एसएमपीएस बदलले होते. मी कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर टेकवला, तर तो मंद पेटला. सॉकेटला तीन भोकं होती, पण फळी उघडली तर वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेज आणि अर्थच्या मध्ये, दुसरा न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये. अर्थची वायर नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर मूळ २३० च्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा, म्हणून मुंग्यांवर भागतं. पण खरी गळती झाली तर वीज जायला वाट कुठे आहे? ती माणसातूनच जाईल.

इथे एसएमपीएसचा दोष नव्हता. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घेतलं आणि मुंग्या थांबल्या. तुमच्याकडे जुनं वायरिंग असेल तर पीसी तयार घ्या की जोडा, हे काम आधी करा. थ्री-पिनला टू-पिनचं कन्व्हर्टर लावून पीसी चालवू नका.

यूपीएसबाबत एकच सांगतो. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. घरगुती यूपीएसमध्ये ते साधारण ३६० वॅट भरतात. ग्राफिक्स कार्डवालं मशीन असेल तर त्याहून मोठा बघा.

तयार मशीन घेताना

तयार मशीन घेणं कमीपणाचं नाही. एकच बिल, एकच वॉरंटी, आणि ऑनसाइट सेवा असेल तर माणूस घरी येतो. ज्यांना बंद पडलेलं मशीन उघडायला वेळ नाही, त्यांच्यासाठी तेच योग्य. फक्त घेण्याआधी झाकण उघडून दाखवायला सांगा. बऱ्याचदा रॅमची एकच काडी असते, दुसरी टाकली की वेग वाढतो. ती टाकायला रिकामी जागा आहे का ते बघा. काही ब्रँडेड मशीनमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, बाजारातला एसएमपीएस त्यात बसत नाही. पुढे-मागे कार्ड टाकायचा विचार असेल तर असं मशीन घेऊ नका. आणि स्वतः काडी टाकली तर वॉरंटी राहते का, हे लेखी विचारा.

भाव काढताना

पाच-दहा टक्के वाचवायला सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार, हे मीही केलंय. तिथे भाव खरंच बरे मिळतात. पण बोर्ड खराब निघाला तर तो बदलायला परत तेच करायचं आहे, ते तिकीट आणि ती सुट्टी आधीच धरा. माझा आता रिवाज असा: ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जिथे स्वस्त असेल तिथून, पण बोर्ड आणि एसएमपीएस नाशिकमधूनच. वॉरंटीत जाणारा माल दुकानदार स्वतः पाठवतो की आपल्याला न्यावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारतो. पक्कं बिल घ्या, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. बिनबिलाच्या मालाची वॉरंटी फक्त तोंडी असते.

जुन्या व्हिडिओतल्या याद्यांवर भाव ठरवू नका. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरपासून रॅमचे भाव भडकलेत. सुट्या भागांची बेरीज आणि तयार मशीनचा भाव एकाच दिवशी काढा. कधी तयारच स्वस्त पडतं.

जोडलं, पण डिस्प्ले नाही

मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय की बोर्डाला, ते आधी बघा. कार्ड असेल तर केबल कार्डालाच. मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनची वायर बघा, सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच. रॅमच्या दोन काड्या, बोर्डावर चार खाचा असतील तर, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, दोन्हीकडून टक आवाज येईपर्यंत दाबून. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका, चहा करून या. तरीही नाही आलं तर एकच काडी ठेवून बघा, आणि बोर्डावर छोटे दिवे असतील तर कुठला अडकलाय ते बघा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) की बूट (विंडोज असलेली डिस्क).

आणि एसएमपीएस बदलताना जुन्याच्या सुट्या केबल्स नव्याला लावू नका. टोकं सारखी दिसली तरी एसएमपीएसकडच्या बाजूची वायरींची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि चुकीची लागली तर पहिल्या सेकंदाला हार्ड डिस्क जाते, आतल्या फोटोंसकट. जुन्या केबल्स जुन्या डब्यातच ठेवून डबा दोरीने बांधून टाका.