कायद्याचं पहिलं वर्ष आणि स्वतःच्याच घड्याळाची चोरी

पहिल्या सत्राच्या अंतर्गत परीक्षेत एक प्रश्न होता. अ ने आपलं घड्याळ दुरुस्तीला दिलं. दुरुस्ती झाली, पण पैसे दिले नाहीत, म्हणून दुरुस्तीवाल्याने घड्याळ अडवून ठेवलं. एके दिवशी अ आला आणि दुरुस्तीवाल्याचं लक्ष नसताना घड्याळ घेऊन गेला. ही चोरी आहे का? दहा गुण.

मी चोरीची व्याख्या शब्दन् शब्द उतरवली. दोन निकालांची नावं घातली. चोरी आणि जबरी चोरी यांतला फरक कुणी विचारला नव्हता, तोही लिहिला. शेवटी ठोकून दिलं की घड्याळ अ चंच आहे, मग स्वतःच्या वस्तूची चोरी होईलच कशी? दोन पानं भरली आणि दोन गुण मिळाले.

बाईंनी शेरा वगैरे काही लिहिला नव्हता. मीच उतरवलेल्या व्याख्येतल्या 'ताबा' या शब्दाखाली लाल रेघ आणि बाजूला प्रश्नचिन्ह, एवढंच. चोरीच्या व्याख्येत मालकी हा शब्दच नाही. दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने जंगम (जागेवरून हलवता येणारी) वस्तू हलवली की पुरे. कहर म्हणजे हे घड्याळ 1860 च्या भारतीय दंड संहितेपासून कलमाखालच्या उदाहरणांमध्ये छापलेलं आहे, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खालीही आहे. त्याच्या आधीच्या उदाहरणात हेच घड्याळ, पण देणं काही बाकी नाही. तिथे मालकाने ते उघडउघड हिसकावून नेलं तरी चोरी होत नाही (दुसरा गुन्हा होऊ शकतो, तो वेगळा विषय). दोन उदाहरणांत फरक फक्त उधारीचा: पैसे बाकी असले की दुरुस्तीवाला घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवू शकतो, म्हणून ते नेण्याचा हेतू अप्रामाणिक ठरतो. मी उदाहरणं वाचलीच नव्हती. ती लहान टाइपात असतात, म्हणून मला कमी महत्त्वाची वाटली होती.

हे सगळं इतकं तपशिलात सांगतेय, कारण पहिल्या वर्षाला येणारी बहुतेक मुलं हीच चूक करतात. पाठ करायची सवय आपण आधीच्या शिक्षणातून घेऊन आलेलो असतो. मी कॉमर्सची. तिथे व्याख्या आली की गुण येत. इथे व्याख्या सगळ्यांनाच येते, कित्येक परीक्षांत तर ती प्रश्नातच दिलेली असते. गुण असतात ते व्याख्येतला कोणता शब्द या घटनेत अडतोय, हे ओळखण्याला.

म्हणून वाचायची सुरुवात बेअर ॲक्टपासून, म्हणजे टीका-टिपणांशिवाय छापलेल्या मूळ कायद्यापासून करा. गाईडपासून नको, कुणा सीनियरच्या नोट्सपासून तर नकोच. कलम हातात घेतलं की त्याचे तुकडे करा. चोरीचे पाच होतात: अप्रामाणिक हेतू, जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, संमतीचा अभाव, वस्तू हलवणं. मग प्रत्येक तुकडा काढून बघा, कोसळतं का ते. झाड जंगम नाही, म्हणून उभ्या झाडाची चोरी नाही. तोडलं की ते जमिनीपासून सुटलं, त्या क्षणी चोरी होऊ शकते. कुत्र्याला खाऊचं आमिष दाखवून मागे यायला लावलं, तर कुत्रा मागे चालू लागला तिथेच चोरी पूर्ण झाली, हात लावायचीही गरज नाही. ही दोन्ही उदाहरणं कलमाखालीच आहेत, मी काही शोध लावलेला नाही. 'आणि' आणि 'किंवा' यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करा. स्पष्टीकरण, अपवाद, परंतुक ('परंतु' ने सुरू होणारी अट) हे तीन शब्द दिसले की थांबा, कारण परीक्षक बहुधा तिथेच दबा धरून बसलेला असतो.

वेग कमी होईल. पहिल्या महिन्यात मी तासाला चार पानंसुद्धा वाचत नव्हते, आणि त्याची लाज वाटायची. वाटून घेऊ नका.

कलमांच्या क्रमांकाबद्दल एक खबरदारी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दंड संहितेची 511 कलमं गेली आणि 358 आली. खुनाची शिक्षा 302 मध्ये होती, ती आता 103 मध्ये आहे. फसवणुकीचं सुप्रसिद्ध 420 आता 318 च्या चौथ्या पोटकलमात आहे. पण तुम्ही वाचाल ते जवळजवळ सगळे महत्त्वाचे निकाल जुन्या क्रमांकांत बोलतात. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून जुना-नवा क्रमांक स्वतः लिहीत जा. तयार तक्ते मिळतात, पण स्वतः लिहिताना कुठे नुसता क्रमांक बदललाय आणि कुठे शब्दही बदललेत, ते दिसतं.

आता निकाल. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. मुलं पन्नास निकालांची नावं आणि वर्षं पाठ करतात आणि उत्तरात मोरपिसासारखी खोचतात. निकाल जोडीने वाचायचे, हे मला फार उशिरा कळलं. कराराच्या कायद्यातली एक जोडी घ्या. 1893 चा इंग्लंडमधला कार्लिल खटला. एका कंपनीने जाहिरात दिली की आमचा स्मोक बॉल सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर 100 पौंड देऊ. कार्लिल बाईंनी जाहिरात वाचली, बॉल विकत घेतला, वापरला, तरी आजारी पडल्या. न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले. दुसरा 1913 चा अलाहाबाद उच्च न्यायालयातला लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त. मालकाचा पुतण्या हरवला, मालकाने नोकराला शोधायला पाठवलं. तो गेल्यावर मालकाने 501 रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. नोकराने मुलगा शोधून काढला, पण बक्षिसाची गोष्ट त्याला तेव्हा ठाऊकच नव्हती. नंतर त्याने दावा केला आणि तो हरला.

दोन्हीकडे बक्षीस जाहीर झालेलं, दोन्हीकडे सांगितलेलं काम पूर्ण झालेलं. मग एक जिंकतो आणि एक हरतो, असं का? जो प्रस्ताव माहीतच नाही, तो स्वीकारणार कसा? हे एकदा स्वतःच्या तोंडून निघालं की तो भाग परीक्षेपर्यंत विसरत नाही. लालमनवर अन्याय झाला असं मला अजूनही वाटतं, आणि वर्गात त्यावर भांडायला हरकत नाही. भांडताना कायदा पक्का होतो. अशा जोड्या प्रत्येक विषयात आहेत. अपकृत्यांमध्ये (टॉर्ट, म्हणजे भरपाई मागता येते अशी दिवाणी चूक) 1868 चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर घ्या आणि त्याच्यासमोर दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीनंतरचा एम. सी. मेहता ठेवा. पहिल्यात जबाबदारी कडक (निष्काळजीपणा नसला तरी भरपाई), पण अपवाद आहेत. दुसऱ्यात धोकादायक उद्योगाला ते अपवादच नाहीत. संविधानात 1950 चा गोपालन आणि 1978 चा मनेका गांधी घ्या. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद 21 मधले शब्द तेच राहिले, अर्थ मात्र पालटला.

निकालाची टिपणं अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका. काय घडलं, न्यायालयापुढे नेमका प्रश्न कोणता, उत्तर काय आणि ते कशामुळे, एवढं बास. 'कशामुळे' हा भाग म्हणजे रेशो. न्यायमूर्ती जाता जाता आणखी बरंच बोलतात, ते ऑबिटर. दोन्ही ओळखायचा माझा उपाय साधा आहे: हे वाक्य खोडलं तर निकाल तसाच उभा राहतो का? राहिला, तर ते बहुतेक ऑबिटर. केशवानंद भारतीचा (संविधानाच्या मूलभूत चौकटीचा) निकाल मुळातून वाचायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. 13 न्यायमूर्ती, 7 विरुद्ध 6, शेकडो पानं. मी पडले होते, तिसऱ्या दिवशी नाद सोडला. त्याऐवजी एडीएम जबलपूरमधलं (आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, यावरचा खटला) न्या. खन्ना यांचं अल्पमत वाचा. 1976 साली ते एकटे पडले होते, आणि 2017 च्या पुट्टस्वामी (खासगीपणाच्या हक्काच्या) निकालाने बहुमताचं ते मत चुकीचं ठरवलं.

इंग्रजीचं ओझं असतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. अनुच्छेद 348 मुळे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं कामकाज मुळात इंग्रजीत चालतं, त्यामुळे निकालही इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या मैत्रिणीने एक युक्ती केली. आधी संपूर्ण घटना मला मराठीत गोष्टीसारखी सांगायची, मग निकाल वाचायची. गोष्ट डोक्यात असली की भाषा निम्मी सोपी होते. ती शेवटी माझ्यापेक्षा जास्त गुण घेऊन गेली, हेही नोंदवून ठेवते.

परीक्षेत घटनेवरचा प्रश्न आला की तो दोनदा वाचा आणि त्यातला एकेक तपशील संशयाने बघा. 'सतरा वर्षांच्या ब ने घर गहाण ठेवून कर्ज घेतलं' असं असेल तर सतरा हा आकडा शोभेला टाकलेला नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 11 आणि 1903 चा मोहोरी बीबी निकाल त्या एका आकड्यात बसलाय: अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेल्याचा, करार मुळातच शून्य. मग लिहायचा क्रम असा: वाद कशावर आहे ते एका वाक्यात, लागू होणारा नियम थोडक्यात, आणि नंतर सगळ्यात लांब परिच्छेद, ज्यात नियमाचा एकेक तुकडा प्रश्नातल्या घटनेला लावून दाखवायचा. निष्कर्ष शेवटी, एका ओळीत. 'अ दोषी आहे' असं पहिल्याच ओळीत लिहून मोकळे होऊ नका. समोरच्या बाजूचा वकील काय म्हणेल तेही लिहा आणि मग ते का टिकत नाही ते सांगा. घड्याळाच्या उत्तरात मी मालकीचा मुद्दा असा विरोधी बाजूने मांडून खोडला असता, तर त्यालाच गुण मिळाले असते.

निकालाचं नाव आठवत नसेल तर घटना आणि तत्त्व लिहा, नाव रचू नका. रचलेलं नाव तपासणाऱ्याला लगेच दिसतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात सादर केले आणि 5,000 डॉलर दंड भरला. तुमचे फक्त गुण जातील, पण सवय तीच लागेल.

वेळेचं गणित मी घरीच बसवत असे. घड्याळ लावून, हाताने, पूर्ण उत्तर. नुसते मुद्दे काढून समाधान मानलं की परीक्षेत शेवटचा प्रश्न हमखास लिहायचा राहून जातो. मूट कोर्टला (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खोट्या खटल्याला) पहिल्या वर्षी उतरा किंवा नका उतरू, पण एकदा प्रेक्षकांत जाऊन बसा.

आणि गुण अपेक्षेपेक्षा कमी आले तर उत्तरपत्रिका बघायला मागा. पुष्कळ जण लाजतात, काहींना वाटतं असं मागताच येत नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात सांगितलंय की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्यातली 'माहिती' आहे आणि परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येते. निकाल फार लांब नाही, पहिल्या वर्षात समजण्यासारखा आहे. तिथेही सगळं अडलं होतं ते कलमांमधल्या शब्दांवर: 'माहिती' कशाला म्हणायचं, आणि परीक्षा मंडळ ती उत्तरपत्रिका 'विश्वासाच्या नात्याने' बाळगतं का. अर्ज करण्याआधी तो वाचून टाका.