काल दिलेली पर्मिशन आज गायब? आधी टेबल तेच आहे का बघा

डेटाबेसमध्ये रिपोर्टवाल्या युजरला संध्याकाळी एका टेबलवर सिलेक्टचं ग्रँट (म्हणजे डेटा वाचायची पर्मिशन) दिलं, त्याने चालवून पण बघितलं, आणि सकाळी परत मेसेज, "पर्मिशन डिनाइड येतंय". परत ग्रँट मारलं की दिवसभर ठीक, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आठवडाभर हेच करत बसलो आणि उगाच टीममधल्या एकावर संशय घेतला, बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर पीएसक्यूएलमध्ये (त्याच्या कमांड लाइनवर) बॅकस्लॅश डीपी (\dp) आणि पुढे टेबलचं नाव टाका. ॲक्सेस प्रिव्हिलेजेसचा कॉलम एकदम रिकामा दिसला तर या टेबलवर कधी कोणी ग्रँट दिलेलंच नाही, म्हणजे तुम्ही ज्याच्यावर दिलं होतं ते टेबल उडालंय आणि हे त्याच नावाचं नवीन आहे. पण तिथे नुसती मालकाची एंट्री असेल तर बहुतेक टेबल जुनंच आहे आणि कोणीतरी रिव्होक मारलंय, म्हणजे दिलेली पर्मिशन काढून घेतलीय. हा फरक मला आधी माहीत असता तर आठवडा वाचला असता राव. अजून खात्री हवी तर पीजी-क्लास (pg_class) या सिस्टिम टेबलमधून आपल्या टेबलचा ओआयडी, म्हणजे अंतर्गत नंबर, आज लिहून ठेवा आणि उद्या परत बघा, ट्रंकेटने (टेबल ठेवून आतला डेटा रिकामा केल्याने) तो बदलत नाही, ड्रॉप करून परत क्रिएट केलं की बदलतो.

माझ्याकडे यामागे रात्री आपोआप चालणारा जॉब निघाला. पांडास या पायथन लायब्ररीच्या टू-एसक्यूएलमध्ये (टेबलमध्ये डेटा लिहिणारं फंक्शन) इफ-एक्झिस्ट्सला रिप्लेस दिलं होतं, ते आधी टेबल ड्रॉप करतं, त्याबरोबर सगळी ग्रँट्स पण जातात. जॉबच सापडत नसेल तर पोस्टग्रेसचं लॉग-स्टेटमेंट सेटिंग डीडीएलवर (टेबल बनवणं-उडवणं अशा कमांड) ठेवा, ड्रॉप आणि रिव्होक दोन्ही लॉगमध्ये येतात, कोणी मारलं ते दिसायला लॉग-लाइन-प्रीफिक्समध्ये %u हवं.

उपाय म्हणजे जॉबमध्ये ट्रंकेट करून अपेंड करा (त्याच टेबलमध्ये नवीन डेटा भरा), मला हेच बरं वाटतं. ते जमत नसेल तर अल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस, पण इथे सगळे फसतात, ते फक्त पुढे बनणाऱ्या टेबलांना लागू होतं आणि ते पण ज्या रोलसाठी (पोस्टग्रेसमध्ये युजर म्हणजे रोलच) लावलंय त्याने बनवलेल्याच. जॉब वेगळ्या युजरने चालत असेल तर फॉर रोल लिहून त्याचं नाव द्यायलाच लागतं, नाहीतर कमांड गुपचूप पास होते आणि सकाळी परत तोच मेसेज. आत्ताच्या टेबलवर ग्रँट एकदा हाताने द्या.

मायएसक्यूएलमध्ये हे कारण नसतं, तिथे टेबल ड्रॉप झालं तरी ग्रँट राहतं. तिथे ८.० पासून रोल (पर्मिशनचा गठ्ठा, जो युजरला देता येतो) आलेत, रोल दिला पण सेट डिफॉल्ट रोल केलं नाही तर नवीन लॉगिनला तो चालूच होत नाही, आणि आपल्याला वाटतं पर्मिशन गेली. एसक्यूएल सर्व्हरवर बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर केल्यानंतर असं झालं तर डेटाबेसमधल्या युजरचा एसआयडी (ओळख क्रमांक) तिथल्या सर्व्हरवरच्या लॉगिनशी जुळत नसणार, अल्टर युजर विथ लॉगिन करून जोडून टाका, युजर डिलीट करून नवीन बनवू नका, नाहीतर उरलेल्या पर्मिशन पण जातील.