तारेची उष्णता-भारक्षमता काढताना या चुका टाळा

‘मूज कंडक्टर (उच्चदाब वाहिन्यांची पोलादी गाभ्याची जाड अॅल्युमिनियम तार) किती अँपिअर घेतो?’ हा प्रश्न उपकेंद्रात नेहमी विचारला जातो, आणि परिस्थिती न विचारता त्याला एका आकड्यात उत्तर देणे ही सर्वांत जुनी चूक आहे. प्रवाहाने तापणारी तार उन्हानेही तापते. वारा आणि उत्सर्जन (तारेने बाहेर फेकलेली उष्णता) तिला निववतात. या जमाखर्चातून जो प्रवाह उरतो तीच तिची भारक्षमता, त्यामुळे गृहीतके बदलली की आकडाही बदलतो.

आपल्याकडील नियोजनाच्या तक्त्यांत साधारणपणे ताशी 2 किलोमीटर वारा, दर चौरस मीटरला 1045 वॅट ऊन, शोषणांक (उन्हातील किती हिस्सा तार शोषते) 0.8 आणि उत्सर्जनांक (ती किती सहज उष्णता बाहेर फेकते) 0.45 धरतात. आयईईई 738 या तारेच्या तापमान-प्रवाह गणिताच्या मानकातील सूत्रांनी हीच मूल्ये, 40 अंश हवा आणि तारेची 75 अंश मर्यादा घेऊन मूजचे गणित केले, तर सुमारे 710 अँपिअर येतात. हवा 45 अंश धरली की तोच आकडा 620 च्या आसपास उतरतो. चंद्रपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यातील वाहिनीला 40 अंशांचा रकाना लावणे म्हणजे कागदावर 90 अँपिअर फुकट वाढवून घेणे होय.

खरा घोळ वाऱ्याच्या बाबतीत होतो. ताशी 2 किलोमीटर म्हणजे पिंपळाचे पान जेमतेम हलवणारी झुळूक. पण ती तारेला काटकोनात लागेल असे गृहीत धरलेले असते. तीच झुळूक तारेच्या दिशेने वाहू लागली, तर वरच्या उदाहरणातील 710 चे जवळपास 390 होतात. मोकळ्या मैदानात 10 मीटर उंचीवर बसवलेल्या वेधशाळेच्या वाऱ्याची सरासरी झाडीतून किंवा दरीतून जाणाऱ्या स्पॅनला (दोन मनोऱ्यांमधल्या तारेला) लावू नये, कारण संपूर्ण वाहिनीची मर्यादा सर्वांत कोंडलेला स्पॅन ठरवतो.

शोषणांक आणि उत्सर्जनांक यांची जोडी फोडून सोयीची मूल्ये उचलणे हीदेखील नेहमीची चलाखी आहे. तार जुनी होऊन काळवंडते तेव्हा दोन्ही अंक वाढतात. उत्सर्जनांक जुन्या तारेचा आणि शोषणांक नव्या चकचकीत तारेचा घेतला, तर अशी तार जगात कुठेच नसते. रोधाच्या बाबतीतही तसेच आहे: 20 अंशांचा डीसी रोध वापरल्यास मूजची क्षमता सुमारे 80 अँपिअरने फुगते. 75 अंशांचा एसी रोधच घ्यावा.

गणित बिनचूक असूनही दुपारी तार जमिनीकडे अपेक्षेपेक्षा जास्त उतरलेली आढळली, तर आधी वाहिनी मुळात किती अंशांच्या झोळासाठी (तारेच्या मधल्या लोंबीसाठी) उभारली होती ते पाहावे. 65 अंशांवर जमिनीपासूनचे अंतर राखून उभारलेल्या जुन्या वाहिनीला, तार नवी 75 अंशांची आहे म्हणून, 75 अंशांची क्षमता देता येत नाही. शिवाय वर्षानुवर्षांच्या ताणाने तार कायमची लांबते. झोळ मोजताना त्याच वेळचा प्रवाह, हवेचे तापमान आणि वारा नोंदवावा. त्या नोंदीशिवाय मोजलेले मीटर नंतर कोणत्याही गणितात बसत नाहीत. मी पाहिलेल्या एका अहवालात झोळ सेंटीमीटरपर्यंत मोजला होता, पण भाराची नोंद नव्हती, त्यामुळे संपूर्ण सर्वेक्षण पुन्हा करावे लागले.

शेवटी तारेपलीकडे पाहावे. जंपर (मनोऱ्यावर दोन बाजूंच्या तारा जोडणारा तुकडा), मधला सांधा, आयसोलेटर (वाहिनी वेगळी करणारा स्विच), वेव्ह ट्रॅप (वाहिनीवरचे संदेश-लहरी अडवणारे वेटोळे) आणि सीटी (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच वाहिनीची क्षमता. सांध्यांचे थर्मोव्हिजन स्कॅनिंग (उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी) पहाटेच्या हलक्या भारावर करून ‘सर्व ठीक’ लिहू नये. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. निम्म्या भारावर 10 अंशांनी तापलेला सांधा पूर्ण भारावर सुमारे 40 अंशांनी तापेल. म्हणून स्कॅनिंग संध्याकाळच्या शिखर भाराला करावे, आणि ते शक्य नसेल तर वाचनाशेजारी त्या वेळचा प्रवाह लिहावा.