क्लाउड ऑटोमेशनमध्ये येताय? ‘ॲक्टिव्ह’वर विसंबू नका

इंदूरच्या राजेंद्रनगरातली ओळखीची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: ताई, आधी टेराफॉर्म (कोड लिहून क्लाउडवर मशीन उभं करणारं टूल) शिकू की कुबरनेटीस (कंटेनर चालवणारं आणि सांभाळणारं टूल)? माझं उत्तर त्यांना आवडत नाही. कोणतंही घ्या, पण एकच घ्या आणि मुळापर्यंत जा. टूल बदलत राहतात. २०१४ साली आलेल्या टेराफॉर्मचं लायसन्स २०२३ मध्ये बदललं आणि त्यातूनच ओपनटोफू वेगळं निघालं. स्टेट फाइल (काय काय उभं केलंय याची नोंद) कशासाठी असते आणि प्लॅन (आता काय बदलणार याची यादी) कसा वाचायचा हे ज्याला कळतं, त्याचं यात फारसं काही अडत नाही.

लिनक्स, थोडं नेटवर्किंग आणि यॅमल तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितेय. आणि ज्यात मी वाईट अडकले होते, त्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे.

ओपनस्टॅक म्हणजे स्वतःचं क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर. त्यात व्हीएमचं, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचं, स्टेटस ‘ॲक्टिव्ह’ झालं, याचा अर्थ हायपरवायझरनं (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) ती मशीन चालू केली. बस, एवढाच. आत कर्नल अजून बूट होत असतो. त्यानंतर डीएचसीपीकडून पत्ता मिळायचा असतो, मग क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणारा प्रोग्रॅम) १६९.२५४.१६९.२५४ वरून मेटाडेटा, म्हणजे त्या मशीनची माहिती, आणतं, युजर-डेटातली स्क्रिप्ट चालवतं, पॅकेजेस उतरवतं, कॉन्फिग लिहितं आणि शेवटी कुठे सर्व्हिस सुरू होते. यातली कुठलीही पायरी फसली तरी बाहेरून ‘ॲक्टिव्ह’च दिसतं. टेराफॉर्मही काम फत्ते झाल्याची हिरवी ओळ दाखवून मोकळं होतं. टेराफॉर्ममध्ये ‘डिपेंड्स ऑन’ लिहिलंय ना, मग क्रम आपोआप सांभाळला जाईल, असं पुष्कळांना वाटतं. तो क्रम रिसोर्स तयार होण्याचा असतो, आतली सर्व्हिस बोलायला लागण्याचा नसतो.

आमच्या कामात एका साइटवर डेटाबेस होता आणि दुसरीवर त्याला वापरणारी सर्व्हिस. लॅबमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी, त्यामुळे डेटाबेस कायम आधी उठायचा आणि सगळं सुरळीत दिसायचं. प्रत्यक्ष साइटवर पॅकेज मिरर संथ होता, डेटाबेस मागे राहिला. सर्व्हिस उठली, तिला समोर कोणी सापडलं नाही, ती बंद पडली. हे सगळं आपोआप उभं करणारी पाइपलाइन मात्र हिरवीगार. ती हिरवी खूण बघत मी चुकीच्या जागी शोधत बसले होते, आणि ते दिवस अजून आठवतात.

अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतं, मध्ये स्लीप टाक, दोन मिनिटं थांबव. या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. जवळच्या साइटवर दोन मिनिटं फुकट जातात, लांबच्या साइटवर ती पुरत नाहीत, आणि खरं कारण झाकलं जातं ते वेगळंच. वेळ मोजू नका, स्थिती विचारा. हीट (ओपनस्टॅकचं स्वतःचं ऑटोमेशन टूल) वापरत असाल तर त्यात वेट कंडिशन आहे: व्हीएमच्या आतून ‘झालं’ असा निरोप येईपर्यंत स्टॅक पुढे सरकत नाही. इतर ठिकाणी क्लाउड-इनिटच्या स्टेटस कमांडला वेटचा पर्याय देऊन थांबता येतं.

पण तिथेही सावध राहा. क्लाउड-इनिट संपलं म्हणजे स्क्रिप्ट संपली. स्क्रिप्टची शेवटची ओळ ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ असेल आणि युनिटचा टाइप ‘सिंपल’ असेल, तर सिस्टिमडी प्रोसेस सोडल्यासोडल्या ‘सुरू झालं’ म्हणतं. प्रोग्रॅमनं पोर्ट उघडलाय की नाही हे ते बघत नाही. टाइप ‘नोटिफाय’ असेल तर ते प्रोग्रॅमच्या स्वतःच्या निरोपाची वाट बघतं. बरं, पोर्ट उघडला तरी डेटाबेसशी जोडणी झालीच असेल असं नाही. म्हणून हेल्थ चेकनं सर्व्हिसकडून एखादं खरं काम करून घ्यायला हवं: एक ओळ लिहा, ती परत वाचा.

कुबरनेटीसमध्ये हेच दुखणं प्रोबच्या, म्हणजे पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या) तपासणीच्या, रूपात भेटतं. डेटाबेसची तपासणी रेडिनेसमध्ये (पॉड काम घ्यायला तयार आहे का) ठेवा. ती लाइव्हनेसमध्ये (पॉड जिवंत आहे का, नसेल तर रीस्टार्ट) टाकली, तर डेटाबेस हलला की तुमचे धडधाकट पॉड एकामागोमाग रीस्टार्ट होत राहतील.

दोन साइट म्हटल्या की एमटीयूही, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबीही, आलीच. व्हीएक्सलॅनचं (एका नेटवर्कवरून दुसरं आभासी नेटवर्क नेण्याच्या पद्धतीचं) आवरण आयपीव्ही४ वर ५० बाइट्स खातं, म्हणजे १५०० च्या नेटवर्कवर व्हीएमला १४५० च उरतात. आत १५०० च ठेवलं तर छोटा पिंग जातो, टीसीपी जोडणी होते, आणि टीएलएसचं सर्टिफिकेट येताना सगळं लटकतं. तपासायचं असेल तर तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४२२ बाइट्सचा पिंग पाठवा. बाकीचे २८ हेडरचे. छोट्या पॅकेटवर समाधान मानणारा हेल्थ चेक इथे सरळ फसवतो.

हे वाचून धडकी भरली असेल, तर खरंच भरू देऊ नका. या गोष्टी मोजक्याच आहेत आणि घरी बसून शिकता येतात. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन व्हीएम उभ्या करा, लिनक्समधलं नेटएम वापरून त्यांच्यात मुद्दाम ४० मिलिसेकंदांचा उशीर घाला आणि डेटाबेस उशिरा सुरू करून बघा. नंतर जमलं तर ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडच्या मुंबई आणि हैदराबाद रीजनमध्ये तेच करा. एएमआयचा (ज्यावरून व्हीएम बनते त्या तयार इमेजचा) आयडी प्रत्येक रीजनमध्ये वेगळा असतो, तो कोडमध्ये चिकटवलात की दुसरा रीजन पहिल्याच फटक्यात अडेल. सराव झाला की सगळं डिस्ट्रॉय करा. नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटवर जाऊ देणारा भाग) नुसता पडून राहिला तरी तासाप्रमाणे पैसे लावतो, आणि शिकणाऱ्याच्या खिशाला ते झेपत नाही.

टेलिकॉमच्या नोकरीच्या जाहिरातीत एनएफव्ही (नेटवर्कची कामं खास यंत्रांऐवजी सॉफ्टवेअरनं करणं) आणि मानो (त्यांचं व्यवस्थापन) दिसले तर दचकू नका. एट्सी या युरोपातल्या टेलिकॉम मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१२ मध्ये सुरू केलेल्या कामातले हे शब्द आहेत. ऑर्केस्ट्रेटर अख्ख्या सेवेचं बघतो, व्हीएनएफ मॅनेजर एकेका नेटवर्क फंक्शनचं, आणि व्हीआयएम खालच्या इन्फ्राचं, म्हणजे बहुतेकदा ओपनस्टॅक. मुलाखतीच्या आधी एवढं पक्कं असलं तरी बोलता येतं.

सर्टिफिकेटबद्दल माझं मत ठाम आहे: घ्यायचंच असेल तर सीकेए, म्हणजे कुबरनेटीस ॲडमिनिस्ट्रेटरचं, घ्या. दोन तास खऱ्या क्लस्टरवर हात चालवावे लागतात. पाठ करून सुटणाऱ्या परीक्षांवर इंदूरच्या भंवरकुआतल्या क्लासमध्ये घरच्यांचे पैसे घालू नका.

आणि सिनिअर निवडता आला तर तयार टेम्पलेट पाठवणारा निवडू नका. माझ्या टीममधले एक दादा काही विचारलं की आधी म्हणायचे, “कन्सोल लॉग वाचलास का?” तेव्हा फार चिडायचे मी. पण क्लाउड-इनिटचा आउटपुट लॉग वरपासून खालपर्यंत वाचायची सवय त्यांच्यामुळेच लागली, आणि आजही माझं निम्मं काम त्यावरच चालतं.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस आहेत, तिथे अर्ज जरूर करा. पण या कामाच्या जागा पुणे-बंगळुरूकडेही शोधा, आणि इंदूर सोडायची तयारी नसेल तर ते पहिल्याच फोनवर सांगा. रेझ्युमेत टूलची यादी थोडकी ठेवा. त्याऐवजी गिटवर एक रेपो ठेवा, ज्यात दोन साइट उभ्या राहतात, डेटाबेस उशिरा आला तरी सर्व्हिस त्याची वाट बघते, आणि तीच पाइपलाइन पुन्हा चालवली तर नवीन काहीच तयार होत नाही. मुलाखतीत तो उघडून दाखवा आणि त्यांच्यासमोर डेटाबेस बंद करा.