दगडफेकीवर अभ्यासवर्ग घ्यायचा असेल तर

पॅलेस्टाईनच्या आंदोलनात दगडाला जागा आहे का, हा प्रश्न मी सीताबर्डीच्या आमच्या अभ्यासवर्गात पोट्ट्यांपुढे ठेवते. ‘योग्य की अयोग्य’ असं थेट विचारू नका, सगळे लगेच दोन बाजू धरून बसतात. आधी दगड कुणावर, ते विचारा. रणगाड्यावरचा वेगळा, चालत्या कारवरचा वेगळा. कारवरच्या दगडांनी माणसं मेली आहेत. त्याला मी आंदोलन म्हणत नाही.

मग १९८७ मध्ये सुरू झालेला पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, घ्या. जगाला दगड दिसले. संप, बहिष्कार, शाळा बंद असताना घरोघरी भरलेले वर्ग फारसे दिसले नाहीत. वेस्ट बँकेतल्या बेत साहूरला भरपूर वेळ द्या. १९८९ मध्ये या गावाने कर भरायला नकार दिला. इस्रायली सैन्याने वेढा घातला, घरांतलं, दुकानांतलं सामान उचलून नेलं. बिलइन या वेस्ट बँकेतल्याच गावात, इस्रायलने त्यांच्या जमिनीतून घातलेल्या कुंपणाविरुद्ध दर शुक्रवारी मोर्चे निघाले, कोर्टातही लढाई झाली आणि २०११ मध्ये कुंपण मागे सरकलं. तिथेही काही मुलं दगड मारत, हे लपवू नका.

नागपुरात १९२३ चा झेंडा सत्याग्रह आठवतोच. सांगा, पण लष्करी अमलाखाली वाढलेल्या मुलाला इथून शिस्त शिकवू नका. शेवटी प्रत्येकाकडून लिहून घ्या: दगड खाली ठेवल्यावर त्या मुलाने काय करावं?