पीएचवर उघडणारा नॅनोपार्टिकल: डिझाइन कुठून सुरू करायचं

कॅन्सरचं औषध ट्यूमरपर्यंत नेणारा नॅनोपार्टिकल बनवायचा तर आधी पार्टिकल नाही, ट्रिगर ठरवा, म्हणजे औषध कशामुळे सुटेल ते. रक्ताचा पीएच 7.4, ट्यूमरच्या आसपास साधारण 6.5 ते 6.8, आणि पेशीच्या आत लायसोसोममध्ये (पेशीची पचनाची पिशवी) 5 च्या खाली. बाहेरचा फरक फारच कमी आहे हो, म्हणून मी तरी म्हणेन की आतल्या ॲसिडवर भरवसा ठेवा. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध हायड्राझोन नावाच्या रासायनिक बाँडने पार्टिकलच्या पॉलिमरला जोडा, हा बाँड 7.4 ला बराच टिकतो आणि ॲसिडमध्ये तुटतो, म्हणजे औषध पेशीत गेल्यावरच सुटतं आणि या औषधाचा हृदयाला होणारा त्रास कमी व्हायची आशा असते, खरी धडपड त्यासाठीच तर आहे.

साइज 50 ते 100 नॅनोमीटर धरा, 5-6 च्या खाली गेलात तर किडनी गाळून टाकते. वरून पेगचा, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा थर.

मग रिलीज टेस्ट, म्हणजे औषध किती सुटतं ते मोजायचं. न जोडलेलं औषध आधी धुऊन काढा, नाहीतर आकडे फसवतात. पार्टिकल डायलिसिस बॅगमध्ये (बारीक छिद्रांच्या पडद्याची पिशवी), 37 डिग्री, एक बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) 7.4 चं, एक 5 चं, फॉइल गुंडाळा कारण डॉक्सो उजेडात खराब होतं, 480 नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग घ्या. आणि नुसतं औषध भरलेली एक बॅग सोबत लावाच, कारण बॅग स्वतःही औषध अडवते, हे बरेच जण विसरतात.